डोक्यातल्या सुया आणि लकव्याचा रोगी

गेल्या वर्षी रोवणीच्या दिवसांत माझ्या वर्गातला एक विद्यार्थी तास संपल्यावर दारापाशी थांबून राहिला. मुलगा धानोऱ्याकडचा, अबोल. त्याच्या हातात घड्या पडून मळलेले एक पत्रक होते. डोक्यात बारीक सुया टोचून जुनाट लकवा तीस बैठकांत बरा होतो, असे त्यावर छापले होते. गोळी नाही, इंजेक्शन नाही, शस्त्रक्रिया नाही. हा साऱ्या माणसाचा समग्र उपचार आहे, असेही पुढे होते. मृग लागता लागता या मुलाच्या वडिलांचे उजवे अंग गेले होते. तो म्हणाला, "सर, बैलजोडी इकून बाबाले तिकडे नेऊ का जी? सुया टोचून हात चालते का?"

मी मानसशास्त्राचा शिक्षक, डॉक्टर नव्हे. पण बैल विकायचे की नाही, हा प्रश्न ज्याच्यासमोर येतो त्याला "डॉक्टरांना विचार" एवढे सांगून वाटेला लावणे बरे दिसत नाही. मी दोन दिवसांची मुदत मागितली, वाचले, ओळखीच्या डॉक्टरांशी बोललो, आणि मग त्याला जे सांगितले तेच आज जरा विस्ताराने सांगणार आहे.

आधी लकवा म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे कुणी "वारं गेलं" म्हणतो, कुणी अर्धांगवायू म्हणतो. नावात वारा आहे, वायू आहे, म्हणून पुष्कळांना वाटते की हा रोग हातापायांत शिरलेल्या वाऱ्याचा आहे. म्हणून हातापायाला तेल लावतात, डाग देतात, कुठे कुठे कबुतराचे रक्त चोळतात. पण हातपाय बिचारे निर्दोष असतात. बिघाड झालेला असतो मेंदूत. डाव्या मेंदूची सत्ता उजव्या अंगावर आणि उजव्या मेंदूची डाव्या अंगावर, अशी निसर्गाने उलटी वाटणी केलेली आहे. या मुलाच्या वडिलांचा उजवा हात लुळा पडला, याचा अर्थ डाव्या मेंदूचा एक तुकडा उपाशी राहिला.

उपाशी कसा राहिला? आपल्या भागातल्या धानाच्या बांध्या डोळ्यांसमोर आणा. मामा तलावातून पाट निघतो, पाटाला फाटे फुटतात, आणि एकेका फाट्यावर चार-सहा बांध्या भिजतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या अशाच. एखाद्या फाट्यात काडीकचरा अडकला की त्याच्या पुढच्या बांध्या सुकतात. लकव्याचे बहुतेक रोगी या जातीचे. रक्ताची गुठळी अडकते आणि पुढचा मेंदू सुकू लागतो. दुसरी जात वेगळी. तिथे पाट अडत नाही, फुटतो. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला की रक्तवाहिनीची भिंत कमजोर होते, एके दिवशी ती फाटते आणि मेंदूत रक्त साचते. बाहेरून रोगी दोन्ही वेळा सारखाच दिसतो. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे.

इलाज मात्र अगदी उलट आहेत. पाट अडला असेल तर गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देता येते. पाट फुटला असेल आणि तेच औषध दिले, तर फुटलेल्या पाळीवर आणखी पाणी सोडल्यासारखे होईल. म्हणून आधी डोक्याचा सी.टी. स्कॅन काढावा लागतो, आणि नंतरच औषध. हे औषधही लकवा सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्या साडेचार तासांतही जितके लवकर तितके बरे. सुकत आलेल्या धानाला दोन दिवसांनी पाणी मिळाले तर काही रोपे तगतात. मेंदूच्या पेशींना मात्र तेवढी सवलत नाही. त्या मिनिटामिनिटाला मरत असतात.

आता हे साडेचार तास आपल्या जिल्ह्यांत कसे जातात ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरांच्या पुढे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटते, हे पावसाळ्यात कितीदा घडले आहे. आणि रस्ता चांगला असला तरी पहिला दिवस पुजाऱ्याकडे, दुसरा वैदूकडे, आणि तिसऱ्या दिवशी दवाखाना. माझ्या विद्यार्थ्याच्या घरीही असेच झाले. त्याला मी दोष दिला नाही. घरात कुणी दाखवून दिलेलेच नव्हते की ही घड्याळाची गोष्ट आहे.

गडचिरोली जिल्ह्यातच या रोगाचा नीट हिशेब झालेला आहे. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेतील संशोधकांनी जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. एकूण मृत्यू १५९९. त्यांत लकव्याने गेलेले २२९. म्हणजे दर सात मृत्यूंत एक. इतर कोणत्याही एका कारणापेक्षा हा आकडा मोठा होता. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कित्येकांना नवल वाटले, कारण लकवा हा शहरातल्या बैठ्या, खात्यापित्या माणसांचा रोग अशी समजूत होती. आणखी एक गोष्ट त्यात होती. या २२९ पैकी शेकडा ८७ माणसे घरीच वारली, आणि जवळजवळ निम्मी रोग झाल्यापासून महिन्याच्या आत.

जे उरतात, ते माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांसारखे. जीव वाचला, पण हात मांडीवर पडून. त्यांच्यासाठीच ती पत्रके छापली जातात. तेव्हा आता सुयांकडे वळू.

शरीरावर ठराविक जागी सुया टोचून रोग बरा करण्याची विद्या चीन देशाची, आणि ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिला आपण अ‍ॅक्युपंक्चर म्हणतो. तिच्याशी महाराष्ट्राचे एक नाते आहे, आणि त्या नात्याबद्दल थोडा गैरसमजही आहे. १९३८ साली जपानने चीनवर आक्रमण केले असताना काँग्रेसने पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, आणि, आपल्या विदर्भाने हे विसरू नये, नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. कोटणीस तिकडेच राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिकडेच वारले. आज आपल्या देशात अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यांवर त्यांचे नाव दिसते, म्हणून लोकांना वाटते की कोटणिसांनी ही विद्या आणली. तसे नाही. कोटणीस हे मुंबईत शिकलेले शल्यचिकित्सक, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणारे. सुयांची विद्या आणली त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉक्टर विजयकुमार बसू यांनी. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही पद्धत शिकले आणि परत येऊन तिचा उपचार सुरू केला. पुढे आपल्या दिवंगत मित्राचे नाव त्यांनी या कार्याला जोडले.

पण पत्रकातली डोक्याची सुई ही आणखी वेगळी. पत्रकावर तिलाही 'हजारो वर्षांची प्राचीन विद्या' म्हटले होते. खरे म्हणजे ती माझ्या वयाच्या आसपासची आहे, फार तर थोरल्या भावाच्या. चीनच्या शान्सी प्रांतातले च्याव शुन-फा नावाचे डॉक्टर यांनी १९७० च्या सुमारास ही पद्धत बसवली. मौज अशी की त्यांनी जो नकाशा घेतला तो जुन्या चिनी ग्रंथांतला नव्हे, तर आधुनिक शरीरशास्त्रातला. मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालींचा एक पट्टा असतो. कानापासून टाळूकडे जाणाऱ्या रेषेच्या आसपास तो पसरलेला आहे. टाळूजवळचा भाग पायाचा, मधला हाताचा, कानशिलाकडचा तोंडाचा व बोलण्याचा. च्याव यांनी विचार केला की ज्या पट्ट्याखाली बिघाड आहे, त्याच्या वरच्या कातडीत सुई घातली तर? मग ज्या अंगाला लकवा त्याच्या विरुद्ध बाजूला, कातडी आणि कवटी यांच्यामधल्या सैल थरात, सुई तिरकी सरकवून ती वेगाने फिरवायची. मिनिटाला सुमारे दोनशे फेरे. मग अर्धा तास ती तशीच ठेवायची. पुढे इतरांनी रेषा वाढवल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चौदा रेषांची एक प्रमाण यादीही तयार झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझ्या विद्यार्थ्याच्या आईला हीच भीती होती. ही सुई मेंदूत जात नाही. कवटीचे हाड अर्धा-पाऊण सेंटीमीटर जाड असते, आणि केसासारखी बारीक सुई ते भेदू शकत नाही. ती कातडीखालीच राहते. भीती गेली, पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. सुई मेंदूला शिवतही नाही, तर मेंदू दुरुस्त कसा होतो? या पद्धतीचे लोक म्हणतात की कातडीतल्या मज्जातंतूंना डिवचल्याने मेंदूकडे संदेश जातो आणि त्या भागातला रक्तप्रवाह व कामकाज वाढते. ही कल्पना अशक्य कोटीतली नाही. पण कल्पना शक्य वाटणे आणि रोग्याचा हात प्रत्यक्ष चालणे यांत अंतर आहे, आणि ते मोजूनच पार करावे लागते.

मोजण्यात अडचण कुठे येते, ती शिक्षक मंडळींनी विशेष लक्ष देऊन ऐकावी, कारण वर्गात शिकवण्यासारखी ही गोष्ट आहे. लकवा झालेल्या माणसाचा मेंदू आपण होऊनही काही प्रमाणात सावरतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी त्यांचे काम शिकतात. घरातला कर्ता आजारी पडल्यावर धाकटा भाऊ नांगर धरायला शिकतो, तसेच हे. ही सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जोरात होते, नंतर मंदावते. आता समजा, एखाद्याला तिसऱ्या आठवड्यात सुया सुरू केल्या आणि दुसऱ्या महिन्यात तो उभा राहिला. श्रेय कुणाचे? तो सुयांचे म्हणेल, डागणारा वैदू डागाचे म्हणेल, तेलवाला तेलाचे. आर्द्रात ज्याने ज्याने देवाला नारळ फोडला त्या प्रत्येकाला वाटते की पाऊस आपल्याच नारळाने आला.

यातून सुटण्याची वाट एकच. सारख्या स्थितीतल्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. दोघांनाही तीच औषधे, तोच व्यायाम. एका गटाला वर सुया. तपासणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे कळू द्यायचे नाही. असे प्रयोग झालेले आहेत, बहुतेक चीनमध्ये. लकव्यानंतरच्या काळातील अ‍ॅक्युपंक्चरच्या अशा ३१ प्रयोगांचा, एकंदर २२५७ रोग्यांचा, एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यात डोक्यावरच्या आणि अंगावरच्या अशा सर्व सुयांचा विचार होता. निकाल असा, की सुयांचा गट पुष्कळदा थोडा पुढे दिसतो, पण बरेचसे प्रयोग ढिलाईने केलेले, त्यामुळे नेहमीच्या उपचारांत सुया घालाव्यात असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. म्हणजे थोतांड म्हणून हाकलून द्यावे असेही नाही, आणि बैल विकावेत असे तर मुळीच नाही.

आणखी एक बारकावा माझ्या ध्यानात आला. डोक्यात सुया असताना रोग्याला स्वस्थ बसवत नाहीत. हात उचल, बोटे उघड, पाय टाक, असे त्याच्याकडून करून घेतात. आता व्यायामाने मेंदू शिकतो हे तर चांगले सिद्ध झालेले आहे. मग सुयांमुळे किती आणि त्या अर्ध्या तासाच्या मेहनतीमुळे किती? माझे मत असे की मेहनतीचा वाटा मोठा असावा, आणि ती मेहनत घरच्या ओसरीवरही होते. जिल्हा रुग्णालयातला व्यायामोपचार करणारा तज्ज्ञ एकदा नीट दाखवून देतो. मग रोज, दिवसातून कितीदा तरी, लुळ्या हाताने वाटी सरकवायची, तांदळातले खडे वेचायचे, दोर धरायचा. चांगल्या हाताने काम उरकण्याचा मोह फार होतो, तो आवरायचा. कंटाळवाणे आहे खरे. सुई टोचून घेणे त्या मानाने सोपे, म्हणून तर ती खपते.

ज्यांना तरीही सुया करून पाहायच्या असतील त्यांनी तीन-चार गोष्टी पाहाव्यात. आपल्या राज्यात या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे, नोंदणी करणारी परिषद आहे. तेव्हा नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नये. सुई प्रत्येक वेळी नवी, समोर पाकीट फोडून काढलेली हवी, नाही तर एकाची कावीळ दुसऱ्याला लागायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे, कारण डोक्याच्या कातडीतून रक्त फार येते. आणि जो म्हणेल की आमचा उपचार चालू असेपर्यंत रक्तदाबाची गोळी बंद ठेवा, त्याच्या दारातून तसेच मागे फिरावे. लकवा एकदा झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका असतो, आणि त्या दुसऱ्या झटक्याला अडवून धरणाऱ्या मुख्य गोष्टींत ती गोळी आहे.

'समग्र उपचार' हा शब्द पत्रकात होता. शब्द चांगला आहे, मला आवडतो. पण समग्र म्हणजे काय? माझ्या विद्यार्थ्याच्या घरी मी गेलो तेव्हा त्याचे वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. डावा मेंदू बिघडल्याने बोलणेही अडखळत होते. मनात शब्द होता, ओठांवर येत नव्हता. लोकांना वाटे, यांची बुद्धी गेली. ती गेली नव्हती. लकव्यानंतर मन खचणे हे पुष्कळांच्या बाबतीत घडते आणि त्यालाही उपचार आहेत. आणि त्याची आई! रोवणी, घर, नवऱ्याला उठवणे-बसवणे, सगळे तिच्या एकटीच्या अंगावर. समग्र उपचारात हे सारे धरायला हवे. तसेच घरातला खर्राही धरायला हवा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत तो तोंडात असतो, आणि तंबाखूने लकव्याचा धोका वाढतो. जेवणातले मीठही त्यातच आले.

शाळेत असलेल्यांना दोन शब्द अधिक. तोंड, हात, बोली, या तीन गोष्टी मुलांना पाठ करून द्या. हसायला सांगितले की तोंड एकीकडे ओढले जाते का. दोन्ही हात समोर धरले की एक खाली पडतो का. साधे वाक्य बोलताना जीभ अडते का. एक जरी खूण दिसली तर किती वाजले ते पाहायचे, १०८ ला फोन लावायचा, तोंडात पाणी की औषध काही घालायचे नाही, कारण ते श्वासनलिकेत जाते, आणि कुशीवर निजवायचे. सी.टी. स्कॅनची सोय आपल्याला सर्वांत जवळ कुठे आहे, हे गावाने आधीच विचारून ठेवावे. दुसरे म्हणजे, आपल्या भागात सिकलसेलचे रोगी पुष्कळ आहेत, आणि या रोगात लहान मुलालाही लकवा होऊ शकतो. वर्गात सिकलसेल असलेल्या पोराच्या हातातून एकाएकी पेन्सिल गळू लागली, तर ते ढोंग समजू नका. त्याला तेव्हाच रुग्णालय लागते, आणि पुष्कळदा रक्त.

बैलजोडी विकली गेली नाही. त्या मुलाने सुट्टीभर वडिलांकडून व्यायाम करून घेतला. दिवाळीपर्यंत ते काठीच्या आधाराने बांधीच्या धुऱ्यापर्यंत जाऊ लागले. सदऱ्याची गुंडी अजून त्यांना लावता येत नाही. पुढे त्याच शहरातला एक नोंदणीकृत सुयावाला परवडेल अशा दरात भेटला, तेव्हा दहा बैठकाही त्यांनी घेतल्या, गोळ्या चालू ठेवून. खांद्याचे दुखणे कमी वाटले म्हणतात. बोटे होती तशीच आहेत.

मी गेलो त्या दिवशी गावात आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या होत्या, सोबत दाब मोजण्याचे यंत्र होते. वडिलांचा दाब पाहून झाल्यावर मी सहज म्हटले, घरातल्या बाकीच्यांचाही पाहा. मुलाचा काका दारात खर्रा घोटत उभा होता. वय पंचेचाळीस, कधी डोके दुखले नाही की चक्कर आली नाही. "मले का झालं जी," म्हणत हसत त्याने हात पुढे केला. वरचा दाब एकशे नव्वद निघाला. सिस्टरनी पुन्हा मोजला, तेवढाच. त्याच दिवशी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले.